किल्ली कोणाच्या हातात? मानसिक आजार असलेल्या प्रौढ माणसाचे स्वतंत्र राहणे

जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागाबाहेर बाकावर बसलेल्या आईवडिलांचे बोलणे ऐकले, तर ते गोळ्या, गुडघेदुखी, पाऊस, तुरीचा भाव अशी वळणे घेत शेवटी एकाच प्रश्नापाशी येते : आम्ही गेल्यावर याचे काय होणार? प्रश्न खरा आहे, पण बहुतेक घरांत तो पंचवीस वर्षे उशिरा विचारला जातो. तोवर वडिलांची सत्तरी उलटलेली असते, मुलगा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, आणि त्याने आजवर स्वतःच्या हाताने वीजबिल भरलेले नसते की स्वतःच्या गोळ्या दुकानातून आणलेल्या नसतात. आमच्या घराला हे थोडे लवकर उमगले, पण त्याचे श्रेय आमच्या शहाणपणाला देता येणार नाही. वडील अचानक गेले आणि आई गुडघ्यांनी अडली, तेव्हा दुसरा मार्गच उरला नाही. माझा धाकटा भाऊ आज परभणीत, आईच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एका खोलीत राहतो. त्याच्या संमतीने त्याच्याविषयीचे काही तपशील इथे सांगते आहे. नाव मात्र त्याला नको आहे.

आधी एक घोळ दूर केला पाहिजे. हा लेख स्किझोफ्रेनिया (भास आणि संशय यांचा आजार), बायपोलर (मन कधी अति उत्साही, कधी अति खिन्न होण्याचा आजार) यांसारखे तीव्र मानसिक आजार असलेल्या प्रौढांविषयी आहे. हे आजार बहुतेक वेळा ऐन तारुण्यात, म्हणजे शिक्षण पुरे होण्याच्या किंवा नोकरीला लागण्याच्या वयात सुरू होतात. जन्मापासूनचे किंवा बालपणापासूनचे बौद्धिक अपंगत्व ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे, तरी सरकारी खिडकीपासून सोयऱ्याधायऱ्यांपर्यंत सगळीकडे दोन्हींची सरमिसळ होते. त्याचा व्यवहारात फटका बसतो. राष्ट्रीय न्यासाचा १९९९ चा कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. मानसिक आजार त्यात येत नाही. तो येतो दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये. एका कचेरीत मला हा फरक एकाच सकाळी तीन टेबलांवर समजावून सांगावा लागला होता.

आता स्किझोफ्रेनियासारखा आजार माणसाचे नेमके काय हिरावतो ते पाहू, कारण स्वतंत्र राहण्याची सगळी तयारी त्यावर अवलंबून असते. कानात आवाज येणे, कोणी पाळतीवर आहे असे वाटणे, ही लक्षणे घराला दिसतात आणि औषधांनी ती पुष्कळदा आटोक्यातही येतात. ती आटोक्यात आली की घर म्हणते, आता हा बरा झाला, मग अंघोळीला का उठत नाही? इथेच मोठा गैरसमज होतो. उमेद आटणे, बोलणे कमी होणे, चेहऱ्यावर भाव न उमटणे ही याच आजाराची दुसऱ्या प्रकारची लक्षणे आहेत, आणि प्रचलित औषधे त्यांच्यावर फारशी चालत नाहीत. याशिवाय लक्ष टिकवणे, पाच गोष्टींचा क्रम डोक्यात धरून ठेवणे, वेळेचा अंदाज करणे या क्षमतांनाही तडा गेलेला असतो. आपण याला आळस म्हणतो, कारण हातपाय धडधाकट दिसतात.

माझ्या भावाला खिचडी येत होती. तांदूळ-डाळ धुणे, फोडणी, मीठ, सगळे येत होते. अडायचे ते कुकरपाशी. तिसऱ्या शिट्टीपर्यंत त्याचा हिशेब सुटे, मग तो गोंधळून गॅस तसाच ठेवून खोलीबाहेर जाई. आई म्हणे, ‘याला गॅसपाशी जाऊच देऊ नका.’ उपाय शेवटी त्यानेच शोधला. ओट्यावर तीन शेंगदाणे मांडायचे, शिट्टी झाली की एक उचलून तोंडात टाकायचा, आणि शेंगदाणे संपले की गॅस बंद करायचा. पुनर्वसन हा मोठा शब्द आहे, पण त्याचा बराचसा भाग अशा शेंगदाण्यांचाच असतो : जे काम डोक्याला जड जाते, ते डोक्याबाहेर, डोळ्यांसमोर मांडायचे. भिंतीवरची यादी, मोबाईलमधला गजर, दाराला आतून चिकटवलेला ‘गॅस, नळ, किल्ली’ असा कागद, हे सगळे त्याच जातीचे.

मग असे सगळे असताना त्याला घरातच का ठेवू नये, असे कोणीही विचारील, आणि आमच्या नातेवाइकांनी विचारलेच. त्याचे उत्तर काही अंशी लंडनमधून मिळते. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने मनोरुग्णालयांतून घरी गेलेल्या २२९ पुरुषांचा मागोवा घेतला. आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांपेक्षा भाड्याच्या खोलीत किंवा भावाबहिणीकडे राहायला गेलेल्यांची प्रकृती अधिक चांगली राहिल्याचे त्याला आढळले. पुढे याच धाग्याने हे स्पष्ट होत गेले, की घरात सतत टीका होत असेल, राग-राग होत असेल, किंवा, आणि हे ऐकायला अवघड जाते, काळजीचा अतिरेक होत असेल, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. चंडीगडमध्ये नंतर झालेल्या अभ्यासात अशा घरांचे प्रमाण लंडनच्या तुलनेत कमी दिसले; तेव्हा आपली कुटुंबे वाईट असतात असा अर्थ कोणी काढू नये. आजार आईवडिलांमुळे होतो असेही यातून निघत नाही. परंतु दिवसातून अकरा वेळा ‘गोळी घेतलीस का रे?’ असे विचारणारी माया त्या माणसाच्या छातीवर कशी बसते, हे मी आमच्याच ओसरीवर पाहिले आहे.

म्हणून स्वतंत्र राहणे ही एका दिवसात होणारी घटना मानू नये. घरातल्या कोणाच्या तरी हातात असलेल्या गोष्टी एकेक करून त्या माणसाच्या हातात देत जायचे, एवढाच त्याचा खरा अर्थ. गोळ्यांची डबी, पैसे, किल्ली, केस पेपरची फाईल यांतले काय कोणाच्या ताब्यात आहे याची यादी केली, तर आपले माणूस प्रौढ म्हणून जगते आहे की पाहुणा म्हणून, ते लगेच कळते. आमच्या पहिल्या यादीत भावाच्या ताब्यात फक्त कंगवा आणि रेडिओ होता.

सर्वांत अवघड देवाणघेवाण गोळ्यांची, म्हणून तिच्याविषयी विस्ताराने लिहिते. आजार उलटण्याचे सर्वांत नेहमीचे कारण गोळ्या बंद करणे हेच असते, आणि गोळ्या बहुधा बरे वाटू लागल्यावरच बंद होतात. आम्ही चार पायऱ्या केल्या. आधी आई तळहातावर गोळी ठेवीत असे. मग आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आणली. ती आई भरी आणि तो आईसमोर घेई. तिसऱ्या पायरीवर रविवारी संध्याकाळी तो स्वतः डबी भरू लागला आणि आई नुसती पाहत बसे, जे तिला फार जड गेले. चौथ्या पायरीवर तो एकटा भरू लागला आणि मी बुधवारी एकदा कप्पे मोजू लागले. एकेका पायरीला दीड-दोन महिने लागले. चौथ्या पायरीवर असताना दोन रात्रींच्या गोळ्या राहून गेल्या आणि ते त्यानेच मला सांगितले. आईने तिथल्या तिथे डबी परत मागितली. डॉक्टरांनी तिला समजावले, की चूक झाल्यावर एक पायरी खाली यायचे, जमिनीवर यायचे नाही. आणि माणसाने स्वतःहून चूक सांगितली हे दोन गोळ्या चुकण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे. ज्यांना रोजची गोळी नकोशी होते, त्यांच्यासाठी दीर्घकाळ टिकणारी इंजेक्शने असतात. फ्लुफेनाझिनचे इंजेक्शन साधारण दोन ते चार आठवड्यांनी घ्यावे लागते. ते प्रत्येकाला चालतेच असे नाही, पण डॉक्टरांना विचारायला हरकत नाही, आणि रोजची कटकट वाचल्याने घरातली भांडणे निम्म्याने कमी झालेली घरे मला ठाऊक आहेत.

आपल्या मराठवाड्यात गोळ्यांच्या जोडीने उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो, आणि याबद्दल कोणी पुरेसे सांगत नाही. बायपोलर आजारात दिले जाणारे लिथियम हा एक क्षार आहे. रक्तात त्याचे प्रमाण ठरावीक मर्यादेत, दीर्घकालीन उपचारात दर लिटरमागे साधारण ०.६ ते १.० मिलिमोलच्या दरम्यान, ठेवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जातो, घामावाटे पाणी आणि मीठ निघून जाते, मूत्रपिंडे क्षार राखून ठेवू लागतात, आणि त्यांच्याबरोबर लिथियमही साचते. हातांचा कंप वाढणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे, जीभ जड होणे असे काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवून रक्त तपासले पाहिजे. निर्जळी एकादशी किंवा रोजा धरण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावे. जेवणातले मीठ मनाने एकदम बंद करू नये. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात, हेही लक्षात ठेवावे. मनोविकारांवरील इतर काही औषधांमुळे घाम कमी येतो आणि शरीर उष्णता नीट बाहेर टाकू शकत नाही. त्यामुळे एकट्या राहणाऱ्या माणसाची खोली ठरवताना भाडे किती याच्या आधी वर पत्रा आहे की स्लॅब, हे विचारावे.

पैशांचे तुलनेने सोपे असते. आम्ही आधी दररोजचे, मग आठवड्याचे, मग महिन्याचे पैसे अशा क्रमाने गेलो. मोबाईलवरून पैसे देण्यासाठी कमी शिल्लक असलेले वेगळे खाते जोडले, म्हणजे फसवणुकीचा एखादा फोन आलाच तरी नुकसान बेताचे होईल. दुसऱ्या महिन्यात त्याने चहाच्या टपरीवरच्या एका ओळखीच्याला चारशे रुपये उसने दिले आणि ते बुडाले. पासबुक काढून घ्यावे, अशी चर्चा घरात झाली. वडिलांनी भावकीत दिलेले वीस हजार रुपये आजतागायत परत आलेले नाहीत आणि तरी त्यांचे पासबुक कोणी काढून घेतले नव्हते, याची मी आठवण करून दिली. बायपोलर आजारात मात्र मन भरकटलेले असताना अफाट खर्च होऊ शकतो. त्यासाठी, प्रकृती ठीक असतानाच, मोठ्या रकमेचा व्यवहार दोघांच्या सहीने व्हावा असे त्या माणसाशी बोलून ठरवून ठेवता येते.

पुनर्वसनाच्या कोणत्याही पुस्तकात नसलेला, पण आपल्याकडे अटळ असलेला एक विषय म्हणजे पाणी. ज्या गावांत नळाला आठ-दहा दिवसांआड पाणी येते, तिथे एकटे राहणाऱ्याला पाण्याची पाळी लक्षात ठेवावी लागते, त्या वेळी घरी असावे लागते, पिण्याचे वेगळे आणि वापरायचे वेगळे भरावे लागते, आणि शेजाऱ्यांशी नळीवरून होणारी बोलाचालीही निभावावी लागते. क्रम, वेळ, माणसे, सगळी परीक्षा त्या एका तासात होते. पहिल्या दोन पाळ्या भावाच्या हातून चुकल्या आणि जार विकत आणावे लागले. तिसऱ्या पाळीला घरमालकीणबाईंनी दार वाजवले.

घरमालकाला काय सांगावे हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. आजाराचे नाव घेऊन खोली मिळत नाही हा अनुभव आम्ही दोनदा घेतला. भावाशी बोलून आम्ही असे ठरवले, की निदान सांगायचे नाही, पण खोटेही बोलायचे नाही. ‘त्याला रात्री झोप कमी लागते, गोळ्या चालू आहेत, काही वेगळे वाटले तर मला फोन करा,’ एवढेच मी त्या बाईंना म्हटले. त्या म्हणाल्या, ‘झोप तर आमच्या पोराला बी लागंना, मोबाईल घेऊन बसतंय रातभर.’ विषय तिथेच संपला.

खोलीशिवाय दुसरे पर्याय कोणते? मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. समाजात राहण्याचा हक्क त्याच्या १९ व्या कलमात आहे. केवळ कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला जागा नाही म्हणून कोणाला मनोरुग्णालयात ठेवून घेता येत नाही, आणि गरजेनुसार अर्धवाटेवरची घरे (रुग्णालय आणि स्वतःचे घर यांच्या मधल्या टप्प्यावरची) व समूहगृहे उपलब्ध करणे ही सरकारची जबाबदारी आहे. चेन्नईच्या ‘द बॅनियन’ या १९९३ साली सुरू झालेल्या संस्थेने ‘होम अगेन’ या उपक्रमात हे करून दाखवले आहे : वर्षानुवर्षे रुग्णालयात राहिलेली चार-पाच माणसे साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र राहतात, स्वयंपाकपाणी, बाजारहाट करतात आणि गरजेपुरती मदत करायला एक कार्यकर्ती असते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मात्र कायद्यातला हा शब्द अजून विटामातीत फारसा उतरलेला नाही. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही राज्याची चारही जुनी मनोरुग्णालये मराठवाड्याबाहेर आहेत. इथे आधार आहे तो जिल्हा रुग्णालयांतील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा, आणि छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, लातूर, नांदेड येथील वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागांचा. तेव्हा माझ्या मते आपल्याकडचा व्यवहार्य मार्ग म्हणजे जवळची वेगळी खोली : त्याच गल्लीत, माळवदावर, किंवा परसातली, पण स्वतंत्र दार आणि स्वतंत्र कुलूप असलेली. दुपारचे जेवण मेसच्या डब्याचे असले तरी चालेल. सगळेच स्वतः करणारा माणूस तसाही आपल्यात कोण आहे?

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सारे माझ्या भावाला मिळाले त्यात तो पुरुष असण्याचा मोठा वाटा आहे. असाच आजार असलेल्या बाईला सासरचे माहेरी आणून सोडतात, माहेरी ती स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहते, आणि तिने भाड्याने खोली घ्यावी असे तिच्या बाजूचे लोकही सुचवत नाहीत. तिच्यासाठी पहिली किल्ली पेटीची किंवा बँकेच्या खात्याची असू शकते. तीही कितीदा दिलेली नसते.

‘लग्न लावून द्या, सुधारेल’ या सल्ल्याबद्दल थोडक्यात. मानसिक आजार असलेल्यांनी लग्न करू नये असे मुळीच नाही. पण लग्न हे औषध नव्हे, आणि आजार लपवून लावलेले लग्न फसवणुकीच्या कारणावरून न्यायालयात रद्द होऊ शकते. शिवाय लग्नाच्या धावपळीत ‘मंडळींसमोर नको’ म्हणून गोळ्या बंद केल्या जातात आणि हळदीच्या आठवड्यातच आजार उलटतो.

कामाच्या बाबतीत जगभरातला अनुभव आपल्या समजुतीच्या उलट आहे. आधी पूर्ण बरा होऊ दे, मग प्रशिक्षण, मग नोकरी असा आपला क्रम असतो. अमेरिकेत १९९० च्या दशकात रूढ झालेल्या पद्धतीत आधी खरे काम मिळवून देतात आणि मग त्या कामावर असतानाच शिकवतात, मदत करतात. आधी प्रशिक्षणाच्या वर्गात बसवलेल्या लोकांपेक्षा थेट कामावर गेलेले लोक कामात अधिक टिकलेले दिसतात. काम पूर्ण दिवसाचेच हवे असे नाही. माझा भाऊ एका झेरॉक्सच्या दुकानात दुपारी चार तास बसतो. सकाळी नको, कारण रात्रीच्या गोळीची गुंगी नऊपर्यंत उतरत नाही. मालकाने वेळ बदलून दिली, एवढ्या एका सवलतीवर ते काम दोन वर्षे टिकले आहे.

कागदपत्रांमध्ये दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र महत्त्वाचे. मानसिक आजाराचे मोजमाप ‘आयडियाज’ या भारतीय मापनपट्टीवर होते : स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम, या चार बाबींना ० ते ४ गुण, शिवाय आजार किती वर्षांचा त्याचे गुण, असे एकूण २०. त्यांपैकी ७ किंवा अधिक गुण असतील तर ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व धरले जाते आणि त्यावर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र, मिळते. सरकारी नोकऱ्यांमधील ४ टक्के आरक्षणापैकी १ टक्का मानसिक आजार, बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता इत्यादींसाठी मिळून आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्जही तहसील कार्यालयात करता येतो. एक विचित्र गोष्ट मात्र पचवावी लागते : सोमवारी प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय मंडळासमोर हा माणूस किती असमर्थ आहे हे सांगायचे आणि मंगळवारी दुकानदाराला तो किती समर्थ आहे हे पटवायचे. भावाला सोमवारचे बोलणे ऐकून फार वाईट वाटले होते. तपासणीपूर्वीच त्याला हे समजावून सांगायला हवे होते, ते माझ्याकडून राहिले.

आणखी दोन कागद प्रकृती ठीक असतानाच करून ठेवावेत. २०१७ च्या कायद्यानुसार प्रौढ माणूस स्वतःच्या उपचारांविषयी आगाऊ लेखी निर्देश देऊ शकतो, म्हणजे पुढे निर्णय घेण्याची स्थिती नसेल तेव्हा कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत ते आधीच लिहून ठेवू शकतो. तसेच आपल्या वतीने कोण बोलेल, तो नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः निवडू शकतो. भावाने आईऐवजी माझे नाव लिहिले. आई दोन दिवस बोलली नाही. कोणालाही कोणत्याही प्रकारे साखळीने बांधून ठेवण्यास याच कायद्याने मनाई आहे, हे देवस्थानांच्या आवारात माणसे सोडून येणाऱ्यांनीही जाणून घ्यावे. रुग्णालयातून सुट्टी मिळताना पुढच्या उपचारांचे नियोजन रुग्णाशी आणि काळजी घेणाऱ्याशी बोलून करणे अपेक्षित आहे; ते मागून घ्यावे, नुसत्या गोळ्यांच्या चिठ्ठीवर घरी येऊ नये.

आजार उलटण्याआधी तो सहसा चाहूल देतो, आणि ती चाहूल प्रत्येकाची निराळी असते. भावाची अशी : झोप चार तासांवर येते, खिडकीला पेपर चिकटवले जातात, आणि तो मला ताईऐवजी नावाने हाक मारू लागतो. ही लक्षणे त्यानेच एका कागदावर लिहिली आहेत. त्याखाली डॉक्टरांचा क्रमांक, माझा क्रमांक आणि ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा २०२२ पासून सुरू असलेला चोवीस तासांचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. यांतले एक दिसले तर त्याने मला सांगायचे. दोन दिसली तर न विचारता मी यायचे, आणि त्याने दार उघडायचे. हा करार दीड वर्षांत एकदा वापरावा लागला, गोळीचा डोस वाढवून काम भागले आणि खोली सुटली नाही.

आईचे फोन अकरावरून दोनवर आले आहेत, एक सकाळी आणि एक दिवेलागणीला. मागच्या आठवड्यात मी तिच्याजवळ बसले असताना तिने संध्याकाळचा फोन लावला. पलीकडून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. ‘पाणी आलंय आई, भरायलोय. नंतर बोल,’ असे म्हणून त्याने फोन ठेवून दिला. गोळीचे विचारायचे राहूनच गेले. तिने मोबाईल मांडीवर ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘त्याच्याकडं पाणी आलंय म्हणे. आपल्याकडं कधी येतंय बघ.’